खंड्याचे निळे पीस

(आपल्या आसपास अनेक पक्षी राहतात, पण उडणारा पक्षी आपल्याला क्षणभरच दिसतो. एखादा मेलेला पक्षी सापडला, तर त्याच्याकडे कसे पाहावे, कोणती काळजी घ्यावी आणि त्याच्यापासून काय शिकावे, हे या पाठात सांगितले आहे.)



समजा, एके दिवशी तुम्ही शाळेत जरा लवकर आलात. प्रार्थनेची घंटा अजून झालेली नाही. प्रयोगशाळेच्या मागे, काचेच्या मोठ्या खिडकीखाली, ओट्यावर काहीतरी निळे पडलेले दिसते. आधी तुम्हांला वाटते, कोणाची तरी रिबीन पडली असेल. जवळ जाऊन पाहता, तर तो एक पक्षी आहे. त्याचे डोळे मिटलेले आहेत. पाय आखडलेले आहेत. काल संध्याकाळी हाच पक्षी मैदानाजवळच्या तारेवर बसून मोठमोठ्याने ओरडत होता.

तुम्हांला वाईट वाटते. त्याच वेळी मनात येते, "किती सुंदर रंग आहे हा!" मेलेल्या पक्ष्याला सुंदर म्हणावे की नाही, असा प्रश्नही पडतो. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. ज्याचे सौंदर्य आपल्याला कळते, त्याच्या मरणाचे दुःखही आपल्याला अधिक होते.

एवढ्यात कोणी म्हणेल, "फेकून द्या त्याला कचऱ्यात." दुसरा म्हणेल, "पिसे काढून वहीत ठेवू या." या दोन्ही गोष्टी करू नका. थोडा वेळ थांबा. हा पक्षी आता उडून जाणार नाही. त्याला नीट पाहण्याची ही पहिली आणि शेवटची संधी आहे.

आधी काळजी घ्या

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने कधीही शिवू नका. त्याच्या अंगावर किडे आणि रोगजंतू असू शकतात. महाराष्ट्रात २००६ साली नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू हा रोग पसरला होता. हा रोग रानपक्ष्यांनाही होतो आणि क्वचित माणसांनाही होऊ शकतो. म्हणून एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर जवळसुद्धा जाऊ नका. शिक्षकांना सांगा. ते पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवतील.

आज मात्र एकच पक्षी पडला आहे आणि खिडकीच्या काचेवर एक बारीक पीस चिकटलेले आहे. म्हणजे तो काचेवर आपटून मेला असावा. तुम्ही विज्ञानाच्या सरांना बोलावता. ते तोंडाला रुमाल बांधतात, हातात रबरी मोजे घालतात आणि पक्ष्याला जुन्या वर्तमानपत्रावर ठेवतात. तुम्ही दोन हात दूर उभे राहून पाहता.

ओळख पटते

"हा खंड्या आहे," सर सांगतात.

खंड्याला धीवर असेही म्हणतात. हिंदी-उर्दूत त्याला किलकिला हे नाव आहे. खंड्याचे अनेक प्रकार आहेत. हा पांढऱ्या छातीचा खंड्या. पश्चिम बंगालचा हा राज्यपक्षी आहे. त्याची लांबी सुमारे २८ सेंटीमीटर असते, म्हणजे तुमच्या पट्टीपेक्षा थोडी कमी. तो मासे खातोच, पण पाण्यापासून दूरही राहतो. नाकतोडे, सरडे, खेकडे, लहान उंदीर असे त्याला बरेच काही चालते. म्हणून तो नदीकाठी दिसतो, तसा शेतात, बागेत आणि शाळेच्या मैदानावरही दिसतो.

तारेवर बसलेला खंड्या लांबून नुसता निळा दिसतो. आता जवळून पाहा. त्याचे डोके आणि पोट गडद तपकिरी आहे. गळा आणि छाती पांढरीशुभ्र आहे, जणू त्याने गळ्यात स्वच्छ रुमाल बांधला आहे. पाठ आणि शेपटी चमकदार निळी आहे. लांब, जाड चोच लाल आहे आणि पायही लाल आहेत.

पायांकडे नीट पाहा. पुढच्या बोटांपैकी दोन बोटे बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकांना जोडलेली आहेत. खंड्या घरटे झाडावर बांधत नाही. नदीच्या काठाला किंवा मातीच्या उभ्या भिंतीला तो बोगद्यासारखे लांब बीळ पाडतो. चोचीने माती उकरतो आणि याच पायांनी ती मागे सारतो. तारेवरच्या खंड्याचे पाय तुम्ही कधी पाहिले होते का?

पंख उघडतो

आता सर त्याचा एक पंख हळूच पंख्यासारखा उघडतात. तुम्ही चकित होता. मिटलेल्या पंखात न दिसणारा एक मोठा पांढरा पट्टा समोर येतो. खंड्या बसलेला असताना हा पट्टा झाकलेला असतो. तो उडाला की दिसतो आणि लगेच पुन्हा लपतो.

पंखाच्या खांद्याजवळ तपकिरी रंग आहे. त्याच्यानंतर काळसर पट्टी आहे. मग निळा रंग येतो. पंखाची टोके काळी आहेत. पिसांतील काळ्या रंगद्रव्याला मेलॅनिन म्हणतात. मेलॅनिन असलेले पीस अधिक टणक असते व लवकर झिजत नाही. पंखाच्या टोकांनाच उडताना सर्वांत जास्त झीज सोसावी लागते. म्हणून अनेक पक्ष्यांच्या पंखांची टोके काळी असतात. नुसत्या शोभेचा वाटणारा रंगसुद्धा असा कामाचा असतो.

निळा रंग कोठे आहे?

तुमच्यापैकी एक जण विचारतो, "सर, हा निळा रंग हाताला लागेल का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर नवलाचे आहे. हा रंग हाताला लागणार नाही, कारण पिसात निळा रंग नाहीच! डोक्याच्या तपकिरी पिसांत तपकिरी रंगद्रव्य असते. पाठीच्या निळ्या पिसांत मात्र निळे रंगद्रव्य नसते. ते पीस कुटले, तर निळी पूड मिळणार नाही. उजेडासमोर धरून आरपार पाहिले, तर तेच पीस मळकट तपकिरी दिसेल.

मग निळा रंग येतो कोठून? पिसाच्या तंतूत स्पंजासारखा एक जाळीदार थर असतो. त्यात हवेची अतिशय सूक्ष्म छिद्रे असतात. ती इतकी लहान असतात की साध्या भिंगातून दिसत नाहीत. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. हा प्रकाश जाळीदार थरावर पडला की त्यातील निळा भाग आपल्या डोळ्यांकडे परत येतो. उरलेला बराचसा प्रकाश खालच्या काळसर थरात शोषला जातो. साबणाच्या फुग्यात कोणी रंग घातलेला नसतो, तरी तो रंगीत दिसतो. तिथेही रंग प्रकाशातूनच येतो.

म्हणूनच खंड्या सावलीत बसला की मंद दिसतो आणि उन्हात उडाला की निळ्या दिव्यासारखा चमकतो. पोपटाचा हिरवा रंगही असाच बनतो. त्याच्या पिसात पिवळे रंगद्रव्य असते. त्यात प्रकाशाचा निळा रंग मिसळला की पोपट हिरवा दिसतो.

पिसाची चेन

पिसाला उर्दूत पर म्हणतात. हे पर कसे बनलेले असते, ते तुम्ही स्वतः पाहू शकता. त्यासाठी रानपक्ष्याचे पीस नको. कोंबडीच्या पंखाचे एक मोठे पीस मिळवा. ते साबणाने धुऊन वाळवा.

पिसाच्या मधोमध एक दांडी असते. ती खाली पोकळ असते, म्हणून पीस हलके असूनही मजबूत असते. उर्दू खुशखत लिहिण्यासाठी बोरूचे कलम वापरतात, तसे पूर्वी युरोपात पिसाच्या या पोकळ दांडीला टोक काढून लिहीत असत.

दांडीच्या दोन्ही बाजूंना बारीक तंतू असतात. बोटाने ते फाकवा. पीस फाटल्यासारखे दिसेल. आता खालून वर हलकेच बोट फिरवा. पीस पुन्हा पहिल्यासारखे जुळेल. हे कसे झाले? प्रत्येक तंतूला आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांना सूक्ष्म आकडे असतात. एका तंतूचे आकडे शेजारच्या तंतूत अडकतात. तुमच्या दप्तराची चेन अशीच लागते. पक्षी दिवसातून कितीतरी वेळा चोचीने पिसे साफ करतो. तेव्हा तो या उघडलेल्या चेनी पुन्हा लावत असतो. चेन उघडी राहिली, तर पिसांतून हवा निघून जाईल आणि त्याला नीट उडता येणार नाही.

एका चिमणीची गोष्ट

मेलेला पक्षी नीट पाहिल्यामुळे एका मुलाचे सारे आयुष्य बदलले. त्याचे नाव सलीम अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले.

सलीम दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी खेळातल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. ती उचलून पाहतात, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मग ही चिमणी कोणती? त्यांनी मामांना विचारले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. ही संस्था मुंबईत १८८३ साली स्थापन झाली होती. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती चिमणी ओळखली. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. त्यांनी मुलाला हाकलून दिले नाही. उलट कपाटांचे खण उघडून जतन केलेले कितीतरी पक्षी दाखवले. त्या दिवसापासून सलीम अलींना पक्ष्यांचा ध्यास लागला.

पुढे ते जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ झाले. भारतातील पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. त्यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी नावातही त्या चिमणीचा उल्लेख आहे.

सलीम अलींची सुरुवात मेलेल्या चिमणीपासून झाली, पण ते तेथेच थांबले नाहीत. अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते आणि मगच घरटे पूर्ण होते, हे त्यांनी बारकाईने पाहिले. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य टिकावे, म्हणूनही ते झटले. त्यांच्या लहानपणी पक्षी मारणे हा खेळ समजला जाई. आज आपल्याला त्यांची जिज्ञासा घ्यायची आहे, बंदूक नाही.

पिसे का घेऊ नयेत?

तुम्ही म्हणाल, "खंड्या तर मेलाच आहे. त्याचे एक पीस घेतले तर काय बिघडले?"

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बायकांच्या टोप्यांना पक्ष्यांची पिसे लावण्याची मोठी फॅशन होती. हिंदुस्थानातूनही पिसे परदेशी जात. खंड्यासारखे रंगीत पक्षी त्यांच्या रंगामुळेच मारले जात. अखेर १९०२ साली सरकारने रानपक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठवण्यास बंदी घातली. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्याने ज्या पक्ष्यांना संरक्षण दिले आहे, ते मेल्यावरही सरकारच्या मालकीचे असतात. एखादे पीस मेलेल्या पक्ष्याचे आहे की मारलेल्या, हे नुसते पीस पाहून कोण सांगणार? म्हणून ते न घेणेच बरे.

पिसाऐवजी दुसरी वस्तू घ्या. ती म्हणजे नोंद. वहीच्या एका पानावर तारीख, वेळ आणि जागा लिहा. पक्ष्याचे चित्र काढा. रंग कोठे कोणता आहे, ते बाणांनी दाखवा. संग्रहालयात जतन केलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. तो कोठे आणि कधी मिळाला, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. चिठ्ठी हरवली, तर पक्षी कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. तुमच्या वहीतले पान म्हणजे या खंड्याची चिठ्ठीच होय.

काचेतले आकाश

एक प्रश्न राहिला. इतकी तीक्ष्ण नजर असलेला खंड्या काचेवर कसा आपटला?

आता जिथून तो आला, त्या बाजूला उभे राहा आणि खिडकीकडे पाहा. काचेत काय दिसते? मैदानातले कडुनिंबाचे झाड दिसते आणि त्याच्यामागे आकाश दिसते. पक्ष्याला काच कळत नाही. खरे झाड समजून तो वेगाने तिकडे झेपावतो. त्याच्या नजरेचा यात दोष नाही. काच आपण बसवली आहे.

उपाय अवघड नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने पांढऱ्या कागदाच्या किंवा कापडाच्या उभ्या पट्ट्या लावा. दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ५ सेंटीमीटर अंतर ठेवा. मग पक्ष्याला ही जागा मोकळी वाटत नाही आणि तो वळून जातो. काचेवर एखादेच चित्र चिकटवले, तर पक्षी त्याच्या बाजूने जायला पाहतो आणि काचेवर आपटतो. म्हणून पट्ट्या पूर्ण काचेवर हव्यात.

आता मैदानाच्या कोपऱ्यात एक खोल खड्डा खणा. सर खंड्याला कागदासह त्यात ठेवतील. माती लोटा आणि वर एक दगड ठेवा, म्हणजे कुत्री-मांजरे तो उकरणार नाहीत. मग साबणाने हात स्वच्छ धुवा.

मधल्या सुट्टीत तुम्ही पट्ट्या चिकटवत असताना तारेवरून ओळखीचा मोठा आवाज येईल. तिथे दुसरा खंड्या बसलेला असेल. एरवी तुम्ही म्हणाला असता, "एक निळा पक्षी बसला आहे." आज तुम्ही तसे म्हणणार नाही. त्याच्या पंखात लपलेला पांढरा पट्टा तुम्हांला ठाऊक आहे. त्याची जोडलेली बोटे तुम्हांला ठाऊक आहेत. तो निळा रंग कोठून येतो, हेही तुम्हांला ठाऊक आहे. तो उडेल, तेव्हा डोळे मिटू नका. तो पांढरा पट्टा तुम्हांला नक्की दिसेल.

शब्दार्थ

आखडलेले – ताठ होऊन आत ओढलेले
संकोच – लाज, अवघडलेपणा
उकरणे – माती खणून बाहेर काढणे
रंगद्रव्य – ज्याच्यामुळे वस्तूला रंग येतो तो पदार्थ
नवलाचे – आश्चर्य वाटेल असे
मळकट – मळल्यासारखे दिसणारे
भिंग – बारीक वस्तू मोठी दाखवणारी काच
बोरू – ज्याची लेखणी करतात ते वेतासारखे गवत
छत्र हरपणे – आधार नाहीसा होणे
ध्यास – सतत एकाच गोष्टीचा विचार
झटणे – खूप प्रयत्न करणे
जिज्ञासा – जाणून घेण्याची इच्छा
झेपावणे – वेगाने उडी घेणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पांढऱ्या छातीच्या खंड्याची लांबी सुमारे किती असते?
(आ) खंड्या आपले घरटे कोठे करतो?
(इ) सलीम अलींना कोणी वाढवले?
(ई) रानपक्ष्यांची पिसे परदेशी पाठवण्यास कोणत्या साली बंदी झाली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने का शिवू नये?
(आ) फाकवलेले पीस पुन्हा कसे जुळते?
(इ) पक्षी काचेवर का आपटतो?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) खंड्याचे निळे पीस कुटले तरी निळी पूड मिळत नाही.
(आ) अनेक पक्ष्यांच्या पंखांची टोके काळी असतात.
(इ) खिडकीच्या काचेवर एकच चित्र चिकटवणे पुरेसे नाही.

प्र. ४. उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. खालील शब्दांपुढे 'तो', 'ती' किंवा 'ते' लिहा.
पंख, चोच, पीस, काच, झाड, रंग, चिमणी, डोके

प्र. ५. वाक्यात उपयोग करा.
चकित होणे, ध्यास लागणे, झटणे

प्र. ६. "आज आपल्याला त्यांची जिज्ञासा घ्यायची आहे, बंदूक नाही." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : तुमच्या शाळेत किंवा घराजवळ पक्षी आपटतील अशा काचा कोठे आहेत, ते शोधा. एका पक्ष्याचे सात दिवस लांबून निरीक्षण करा. रोज तारीख, वेळ, जागा आणि दिसलेली एक नवी गोष्ट वहीत लिहा.